बौद्धिक अक्षमतेचा प्रतिबंध : मिठाचा वाद आणि सोलापूरची सोयरीक

बौद्धिक अक्षमता, म्हणजे पूर्वी ज्याला मतिमंदत्व म्हणत ती, टाळण्याचे सार्वजनिक प्रयत्न आपल्या देशात मिठापासून सुरू झाले. १९५६ पासून आजच्या हिमाचल प्रदेशातल्या कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मिठाचा प्रयोग झाला, त्यातून १९६२ मध्ये गलगंड, म्हणजे आयोडीनच्या कमतरतेने येणारी गळ्याची सूज, नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, आणि त्या नावानेच पुढची तीस वर्षे दिशाभूल केली. सुजलेला गळा डोळ्यांना दिसतो. गरोदरपणात आयोडीन कमी पडल्याने गर्भाच्या मेंदूची होणारी हानी दिसत नाही आणि नंतर भरूनही निघत नाही. गलगंड हा डोंगराळ मुलखाचा आजार, मग सोलापूरसारख्या पठारावरच्या कोरडवाहू जिल्ह्याला त्याची काय चिंता, ही समजूत त्यातूनच रुजली. १९९२ मध्ये नावात 'आयोडीन न्यूनता विकार' हे शब्द आले.

खरा वाद पेटला तो सक्तीवरून. आयोडीन नसलेले मीठ खाण्यासाठी विकण्यावर १९९८ मध्ये देशभर बंदी आली, सप्टेंबर २००० मध्ये केंद्राने ती उठवली आणि मे २००६ पासून पुन्हा लागू केली. काय खावे हे ज्याने त्याने ठरवावे, लहान मिठागरे बुडू नयेत, गरिबाचे मीठ महाग होऊ नये, असे बंदीच्या विरोधकांचे म्हणणे होते. यातला किमतीचा मुद्दा रास्तच होता. परंतु निवडीचे स्वातंत्र्य म्हणताना ज्याच्या मेंदूचा प्रश्न होता ते मूल अजून जन्मलेलेही नव्हते, हे त्या चर्चेत फार मागे पडले. १९९८-९९ च्या राष्ट्रीय पाहणीत पुरेसे आयोडीन असलेले मीठ सुमारे ४९ टक्के घरांत आढळले होते. २००२-०३ च्या पाहणीत हे प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपास घसरले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदीचा जुना नियम रद्द ठरवला, तरी नव्या अन्नसुरक्षा नियमांतून बंदी कायम राहिली.

नियमाप्रमाणे ग्राहकाच्या हाती पडणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन हवे. गावातल्या किराणा दुकानाच्या पायरीशी उघड्या पोत्यात खडे मीठ असेल, तर चिमूटभर मिठावर तपासणीच्या द्रावणाचा एक थेंब टाकावा. आयोडीन असेल तर डाग जांभळा होतो, नसेल तर मीठ पांढरेच राहते. ओलसर हवेत उघड्या राहिलेल्या मिठातले आयोडीन हळूहळू उडून जाते, म्हणून घरातही मीठ झाकणाच्या बरणीतच हवे.

पुढचे टप्पे त्या मानाने बिनबोभाट आले. २०१३ पासून आरोग्य पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासू लागली. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्यात गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम शाळाशाळांतून झाली. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला झालेला रुबेला बाळाचा मेंदू, कान आणि डोळे अधू करू शकतो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने 'मतिमंदत्व' मागे सारून 'बौद्धिक अक्षमता' हा शब्द आणला.

सोलापूरचा स्वतःचा म्हणावा असा प्रश्न मात्र मिठाचा नाही, नात्यातल्या लग्नांचा आहे. मामाची मुलगी करण्याची रीत इथे जुनीच आहे, आणि शहरातल्या काही तेलुगू व कन्नड भाषक घराण्यांत मामा-भाचीचे लग्नही होत आले आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने अशी नाती निषिद्ध ठरवली, पण रूढी असल्यास मोकळीक ठेवली. आई-वडील दोघांकडून एकच सदोष अप्रभावी जनुक (दोन्हीकडून आले तरच ज्याचा दोष दिसतो असे) बाळात एकत्र येण्याची शक्यता अशा लग्नात वाढते. कायद्यानेच रूढीला वाट दिल्यामुळे हा धोका समजावण्याचे काम शिक्षणावर येऊन पडते. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात आनुवंशिकतेचा पाठ आहे, आणि अनेक घरांत मुलीच्या सोयरिकीचा विषय त्याच सुमारास निघतो. एका आजी-आजोबांपासून निघालेल्या दोन रेघा नातवंडांच्या लग्नात पुन्हा जुळतात, हे फळ्यावर काढून दाखवायला शिक्षकाला पाच मिनिटे पुरतात.