मोजायला कोण जातं त्यावर बरंच ठरतं

अमेरिकेत पर्यावरणीय न्यायाच्या (म्हणजे प्रदूषणाचा भार कोणाच्या वस्तीवर जास्त पडतो, या विषयाच्या) रिसर्चमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो, मूळनिवासी लोक जास्त यायला हवेत असं म्हटलं की कोणीतरी हमखास विचारतं, सायन्समध्ये रंग कशाला आणता, डेटा तो डेटाच ना? असतो की, पण तो गोळा करायला कोणीतरी जावं लागतं आणि कुठे जायचं हे आधी सुचावं लागतं.

ह्यूस्टनचंच बघा. १९७९ मध्ये तिथे एका कृष्णवर्णीय वस्तीजवळ कचरा डेपो येणार होता, रहिवासी कोर्टात गेले, त्यांची वकील लिंडा मॅकीव्हर बुलार्ड आणि तिने नवऱ्यालाच कामाला जुंपलं. रॉबर्ट बुलार्ड तेव्हा टेक्सास सदर्न या मुख्यतः कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठात समाजशास्त्र शिकवायचे. शहरातला कचरा आजवर कुठे कुठे गेला याचा तयार हिशोब कोणी ठेवलाच नव्हता (का ठेवतील?), तो बुलार्ड आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मांडला. निघालं काय, तर शहराच्या मालकीचे पाचही डेपो कृष्णवर्णीय वस्त्यांमध्ये, कचरा जाळायच्या ८ भट्ट्यांपैकी ६ तिथेच, आणि शहराच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचं प्रमाण साधारण २५ टक्के. केस हरले, पण पुढे या विषयाचा पायाच त्यातून पडला.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात वी ॲक्ट ही स्थानिक संस्था आणि कोलंबिया विद्यापीठ यांनी मिळून हवा मोजली, शाळकरी पोरं पण त्यात होती, तर एकाच भागात डिझेलच्या काजळीचं प्रमाण ठिकाणानुसार चौपटीपर्यंत बदलत होतं. अख्ख्या एरियाची सरासरी काढून बसलं की हे दिसतच नाही.

मग अशी माणसं फिल्डमध्ये कमी का? मला वाटतं खरी गोम पैशात आहे. २०११ च्या एका अभ्यासात दिसलं की एनआयएचची (आरोग्य संशोधनाला पैसा देणारी अमेरिकेची सरकारी संस्था) ग्रँट मिळण्यात कृष्णवर्णीय संशोधक गोऱ्यांपेक्षा साधारण १० टक्के पॉइंट मागे, आणि तेही शिक्षण, आधीचे पेपर वगैरे सगळं सारखं असताना. २०१९ मध्ये अजून खोलात गेल्यावर कळलं की या फरकातला २० टक्क्यांहून जास्त भाग निव्वळ विषयाच्या निवडीमुळे आहे. वस्तीत जाऊन, लोकांमध्ये राहून करायचे विषय ते जास्त निवडतात आणि नेमकी त्याच विषयांना ग्रँट कमी मिळते.

त्यामुळे कॉलेजात चार पोस्टर लावून, मेंटॉर नेमून भागणार नाही. बिनपगारी इंटर्नशिप कोणाला परवडते? घरून पैसे येतात त्यालाच. शिवाय वस्तीतल्या ज्या बाया दारोदार फिरून सर्व्हे भरून आणतात त्यांना पगार हवा, पेपरवर नाव हवं, आणि ग्रँट कोणाला द्यायची हे ठरवणाऱ्या कमिटीत वस्तीत काम केलेलं कोणीतरी हवं.

आता हे अजून अवघड झालंय, कारण सरकारी खात्यांना पर्यावरणीय न्यायाकडे बघायला लावणारा १९९४ चा क्लिंटन यांचा आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला.