विरंगुळ्याची डिग्री आली कुठून

रिक्रिएशन अँड लेझर स्टडीज, म्हणजे विरंगुळा आणि फावला वेळ यांचा अभ्यास, अशी डिग्री असते असं सांगितलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, खेळण्या-फिरण्यात कसलं आलंय शिक्षण? म्हणून जरा मागचं सांगते, कारण हा विषय प्रोफेसर लोकांनी काढलेलाच नाहीये, तो आधी दवाखान्यात आणि गरीब वस्तीत सुरू झाला, युनिव्हर्सिटी खूप नंतर आली.

क्रिमियाच्या युद्धात फ्लॉरेन्स नाइटिंगेल इस्तंबूलजवळच्या स्कुतारीला जखमी सैनिक सांभाळत होती, तिथं १८५५ मधे इंकरमन कॅफे सुरू झाला, म्हणजे दारूच्या गुत्त्यावर जायच्या ऐवजी सैनिकांना बसायला, वाचायला एक जागा. पुढे नर्सिंगवर लिहिताना पण तिचं म्हणणं हेच, की रोज त्याच भिंती बघून पेशंट खचतो, त्याला फुलं दिसू देत, रंग दिसू देत, दुखणं लांबलं तर एखादा छोटा पाळीव प्राणी सोबतीला असू दे.

मग शिकागो. जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मधे हल हाउस काढलं, म्हणजे गरीब वस्तीतच राहून तिथल्या लोकांसाठी चालवलेलं केंद्र, आजूबाजूला सगळी बाहेरच्या देशांतून आलेली कामगार कुटुंबं, पोरांना खेळायला रस्त्याशिवाय जागा नाही. तिथेच १९२० मधे नेव्हा बॉयडने खेळ घेणाऱ्यांना शिकवायची शाळा चालू केली, त्यात खेळ, नाच, नाटक तर होतंच पण खेळामागचा विचार आणि समाजाचे प्रश्न पण होते, आणि १९२७ मधे ती नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत शिकवायला गेली. माझ्या मते या विषयाची खरी सुरुवात इथेच. तिचीच विद्यार्थिनी व्हायोला स्पोलिन, नाटकाच्या शिबिरात थिएटर गेम्स म्हणून जे घेतात ते तिच्यापासून आलंय.

दोन्ही महायुद्धांत रेडक्रॉसने लष्करी हॉस्पिटलांत खेळ, गाणी, हस्तकला सुरू केली, कॅन्ससमधल्या टोपेकाला मेनिंजर या डॉक्टर कुटुंबाने मानसोपचारातच खेळाला जागा दिली. आणि मग भांडण लागलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. एक गट म्हणायचा पेशंट हा आधी माणूस आहे, मजा करणं ही त्याची गरज आहे, त्यातून बरं वाटायलाच पाहिजे असं काही नाही. दुसरा म्हणायचा नाही, खेळ हे उपचाराचं साधन आहे, हात हलत नाही तर तो हलेल असाच खेळ द्या, किती फरक पडला ते लिहून ठेवा. पहिल्या गटाचा, एका मोठ्या रिक्रिएशन संघटनेतला, विभाग १९४९ चा, दुसऱ्यांची संघटना १९५३ ची, १९६६ मधे एकत्र आले, आणि १९८४ मधे उपचारवाल्यांनी परत वेगळी संघटना काढली. थेराप्युटिक रिक्रिएशन, म्हणजे पेशंटसाठीचा खेळ-विरंगुळा, शिकताना हा वाद अजून टळत नाही.

युनिव्हर्सिट्यांत हा विषय जोरात वाढला तो १९६० नंतर. लोकांकडे गाडी आली, सुट्टी आली, अमेरिकेत तर मोकळ्या जागांचं काय करायचं यावर १९५८ मधे सरकारी आयोगच बसला. कॅनडात वॉटरलू युनिव्हर्सिटीत १९६८ मधे या विषयाचं स्वतंत्र डिपार्टमेंट झालं. टुरिझम हा अभ्यासाचा विषयही त्याच सुमारास आला, जम्बो जेट १९७० मधे सुरू झालं, १९७३ मधे जाफर जाफरी यांनी टुरिझमचं रिसर्च जर्नल काढलं, आणि पैसा किती येतो याच्याबरोबर ज्यांच्या गावात पाहुणे येतात त्यांचं काय होतं हाही प्रश्न आला.

१९८४ मधे रॉजर उलरिच या संशोधकांनी पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटांचे जुने रेकॉर्ड तपासले, अर्ध्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, अर्ध्यांच्या विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले, कडक वेदनाशामकही त्यांना कमी लागली. नाइटिंगेलबाईंचं म्हणणं सव्वाशे वर्षांनी आकड्यात आलं!

आपल्याकडे या सगळ्याची एक शाखा पोचली ती ऑक्युपेशनल थेरपीची. कमला निंबकर, मूळच्या अमेरिकन, लग्नानंतर इथल्या झाल्या, त्यांनी १९५० मधे मुंबईत केईएमला तिची शाळा काढली. हात-पाय परत कामाला लावायचं शिक्षण त्यामुळे आलं. पण वॉर्डात संध्याकाळ कशी घालवायची हे मात्र बहुतेक ठिकाणी नातेवाइकांवरच आहे, कुणी पत्ते आणतं, कुणी पेपर वाचून दाखवतं, कुणी पलंग जरा खिडकीकडे सरकवून मागतं.