लाइन गेली, लाइन आली आणि मधात अडकलेला ड्रायव्हर

पीकविम्याच्या सीझनमध्ये आपल्याकडच्या सेतू केंद्रावर हे हमखास दिसतं. लाइन गेली की पोरगं बॅटरी वाचवायला लॅपटॉपचं झाकण लावतं, लाइन आल्यावर उघडतं, आणि अंगठ्याचं मशीन मुकं. वायर काढून परत लावली तेव्हा कुठं त्याचा लाल दिवा लागतो, तवर बाहेर रांग वाढलेली. लोक मशीनला शिव्या देतात, पण राजेहो, बरेचदा दोष ड्रायव्हरचा, म्हणजे मशीन अन् लॅपटॉपचं बोलणं जमवणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरचा असतो, आणि ही दुखणी जुनी आहेत.

१९९२ मध्ये इंटेल आणि मायक्रोसॉफ्टनं कॉम्प्युटरची वीज वाचवायला एपीएम नावाची पद्धत आणली. त्यात झोपवायचं-उठवायचं बहुतेक काम बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डवरच्या मूळ प्रोग्रामकडे होतं, आणि बायोसला वर कोणता प्रोग्राम काय करून राहिला याचा काही पत्ता नसायचा. म्हणून १९९६ च्या डिसेंबरात इंटेल, मायक्रोसॉफ्ट, तोशिबा यांनी एसीपीआय ही नवी पद्धत काढली, आणि कारभार ऑपरेटिंग सिस्टीमकडे आला. डिव्हाइसच्या अवस्था ठरल्या, डी० म्हणजे पूर्ण जागं, डी३ म्हणजे बंद. कल्पना चांगलीच होती, पण ओझं येऊन पडलं ड्रायव्हर लिहिणाऱ्याच्या डोक्यावर.

खरी गोची उठताना होते. डी३ मध्ये गेल्यावर चिपच्या रजिस्टरमधलं, म्हणजे तिच्या आतल्या सेटिंगच्या कप्प्यांमधलं बरंच काही पुसलं जाऊ शकतं, त्यामुळं ड्रायव्हरनं ते आधी जपून ठेवायचं आणि उठल्यावर परत भरायचं. मदरबोर्डला जोडलेलं पीसीआय कार्ड उत्तरच देत नसलं तर वाचताना सहसा सगळे बिट एक येतात, म्हणजे एरर नाही, आकडाच येतो, आणि ड्रायव्हरनं तो खरा मानला की पुढं सगळा घोळ. विहिरीत पाणी आहे का हे न पाहता लाइन आल्याबरोबर मोटार चालू करणाऱ्या ऑटो स्विचसारखंच हे. आणि विंडोजमध्ये एखादा ड्रायव्हर पॉवरची रिक्वेस्ट पुढं न पाठवता धरून बसला तर शेवटी ९एफ कोडची निळी स्क्रीन येते.

मायक्रोसॉफ्टनं विंडोज व्हिस्टाच्या काळात डब्ल्यूडीएफ हा ड्रायव्हर लिहायचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क दिलं, त्यात हा किचकट भाग फ्रेमवर्कच सांभाळतं, ड्रायव्हरनं फक्त डी० मध्ये येताना काय करायचं अन् जाताना काय, एवढंच सांगायचं. माझ्या मते ही सुधारणा व्हायला फार उशीर झाला.

लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमची वाट वेगळी. तिथं ड्रायव्हर सुरू होताना मेमरी, इंटरप्ट, क्लॉक एकेक करून घेतो, आणि तिसरी गोष्ट मिळाली नाही तर आधीच्या दोन उलट्या क्रमानं सोडाव्या लागतात. त्यासाठी गोटू, म्हणजे प्रोग्राममध्ये थेट दुसऱ्या ओळीवर उडी मारायची आज्ञा वापरतात, कॉलेजात गोटू वाईट म्हणून शिकवतात पण इथं तोच सगळ्यात स्वच्छ वाटतो. तरी एखादी पायरी सुटायचीच, म्हणून २००७ मध्ये तेजुन हिओ या प्रोग्रामरनं डेव्हरेस नावाची सोय आणली, तिच्यातून घेतलेलं सगळं आता अपयश आलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, स्वतःच सोडून देतं. मग २००९ मध्ये २.६.३२ कर्नलमध्ये राफाएल विसोत्स्की या प्रोग्रामरचं रनटाइम पीएम आलं, म्हणजे लॅपटॉप चालू असतानाच रिकामं बसलेलं एकटं डिव्हाइस झोपवता येतं.

यूएसबीवर मात्र याच सोयीनं नवा त्रास आला, कारण काही स्वस्त मशीन झोपतात पण नीट उठत नाहीत. म्हणून लिनक्सनं ऑटोसस्पेंड, म्हणजे यूएसबी डिव्हाइसला आपोआप झोपवणं, सरसकट चालू ठेवलंच नाही, मुख्यतः हबपुरतं, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीपुरतं ठेवलं. विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजरला जाऊन यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवायची टिक काढून पाहा, काम चालू असताना मशीन अधूनमधून मुकं होत असेल तर बरेचदा तेवढ्यानं भागतं. झाकण लावून उघडल्यावर बंद पडत असेल तर मात्र मशीनवाल्याकडून नवा ड्रायव्हरच मागा.