स्पेडफिशची गळमासेमारी

अटलांटिक स्पेडफिश (शास्त्रीय नाव कीटोडिप्टेरस फॅबर) हा मासा गळाने पकडण्याची हौशी सागरी मासेमारी. अमेरिकेत चेसापीक उपसागराच्या मुखापासून कॅरोलायना, जॉर्जिया, फ्लॉरिडा आणि पुढे मेक्सिकोच्या आखातातील तेलविहिरींच्या फलाटांपर्यंत ती उन्हाळ्यात जोरात चालते. हा मासा सापडायला सोपा, पण गळाला लागायला अवघड. नितळ पाण्यात शेकडो मासे होडीभोवती फिरताना दिसतात आणि तरीही जाड दोर व मोठा गळ घेऊन आलेला माणूस रिकाम्या हाताने परततो. कारण साधे आहे. स्पेडफिशचे तोंड अंगाच्या मानाने फार लहान असते आणि त्याचे मुख्य अन्न मऊ, बुळबुळीत असते.

माशाची ओळख : फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ ब्रूसोने यांनी १७८२ मध्ये या जातीचे वर्णन केले. शरीर उंच, चपटे, जवळजवळ गोल, पत्त्यांतल्या इस्पिकाची आठवण करून देणारे. इंग्रजी नावही तेच सांगते. चंदेरी अंगावर चार ते सहा काळे उभे पट्टे असतात आणि वय वाढेल तसे ते फिकट होत जातात. आपल्याकडच्या वाचकाला पाहताक्षणी पापलेट आठवेल, पण दोघांची कुळे वेगळी आहेत. स्पेडफिश इफिपिडी कुळातला. त्याच कुळातले बॅटफिश भारतीय समुद्रातही आढळतात. एंजलफिशशीही त्याची गल्लत होते. ओळखायची खूण म्हणजे पाठीवरचा पर : एंजलफिशचा सलग असतो, तर स्पेडफिशच्या पराचा पुढचा काटेरी भाग मागच्या मऊ भागापासून वेगळा दिसतो.

गळाला लागणारे मासे साधारण दीड ते साडेचार किलोचे असतात. सहा किलोंच्या पुढचे विक्रमी मासे चेसापीकच्या पाण्यात मिळालेले आहेत. पिल्ले काळपट-तपकिरी असतात. उथळ पाण्यात ती कुशीवर कलून अशी तरंगतात की कुजके पान वाहत चालले आहे असे वाटावे. शिकाऱ्याला चकवण्याची ही युक्ती सागरी जीवनातल्या सुंदर नकलांपैकी एक म्हणायला हवी.

थवे आणि ठिकाणे : पाणी तापू लागले की, साधारण मे महिन्यात, स्पेडफिश चेसापीकच्या मुखाशी येतात आणि शरद ऋतूत पाणी थंडावले की दक्षिणेकडे निघून जातात. मधला काळ अंडी घालण्याचा. या दिवसांत ते उघड्या पाण्यात विखुरलेले नसतात. बुडालेली जहाजे, कृत्रिम खडक (मासे जमावेत म्हणून समुद्रतळाशी मुद्दाम ठेवलेले अवजड सामान), दीपस्तंभांचे पाय, पुलांचे खांब, बोया अशा कशाच्या तरी आसऱ्याने ते थवे करून राहतात. व्हर्जिनियात १९६४ साली खुला झालेला चेसापीक बे ब्रिज-टनेल हा पूल-बोगदा आणि त्याची दगडी बांधाची कृत्रिम बेटे ही सर्वांत सोयीची जागा. किनाऱ्यापासून वीसेक किलोमीटर समुद्रात १९६५ मध्ये उभारलेला चेसापीक दीपमनोरा हीही तितकीच जुनी जागा. आखातात हीच भूमिका तेलाच्या फलाटांनी बजावली. लोखंडी पायांवर हायड्रॉइड, स्पंज, बार्नेकल असे चिकटून राहणारे छोटे सागरी जीव (बार्नेकलचे कवच कठीण असते) वाढतात आणि त्यांच्यावर चरायला स्पेडफिश जमतात. अमेरिकेत १९८४ साली कृत्रिम खडकांसाठी कायदा झाला. त्यानंतर निकामी फलाट भंगारात न काढता समुद्रातच खडक म्हणून ठेवण्याच्या योजना राज्यांनी आखल्या, त्याचा फायदा या माशालाही झाला.

थवा वर आला की पाठीचे काळसर पर पाण्याबाहेर डोकावतात. अनुभवी मंडळी नांगर टाकण्याआधी होडीचा वेग कमी करून तेवढेच शोधत राहतात. पाणी गढूळ असेल तर त्या दिवशी फारशी आशा धरू नये.

आमिष : या मासेमारीचे खरे कसब आमिषात आहे. दक्षिण कॅरोलायना आणि जॉर्जियाच्या किनाऱ्यावर उन्हाळ्यात तोफगोळ्यासारखे गोल, घट्ट जेलीफिश (स्टोमोलोफस मेलिआग्रिस) मोठ्या संख्येने वाहत येतात. तिथे त्यांना ‘जेलीबॉल’ म्हणतात. स्पेडफिशला ते फार आवडतात. मासेमार वाटेतच दांड्याच्या जाळीने पाच-दहा जेलीबॉल उचलून बादलीत ठेवतात. खडकावर पोहोचल्यावर त्यातले काही एका तारेत ओवायचे, तारेला खाली शिशाचे वजन आणि वर दोर बांधायचा आणि ही माळ पाण्यात सोडायची. खाली असलेला थवा तिच्यावर तुटून पडतो. मग माळ हळूहळू, हातभर हातभर वर ओढायची. मासे जेलीफिशचे लचके तोडत तिच्यामागे वर येतात आणि शेवटी होडीच्या कडेलाच, डोळ्यांना दिसतील इतके जवळ, गोळा होतात. अशा वेळी जेलीबॉलच्या छत्रीचा अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा लहान गळाला लावून, वजन न लावता, त्या गर्दीत सोडायचा. तो वाहत्या तुकड्यांसारखाच तरंगला पाहिजे. दोर ताणलेला राहिला आणि तुकडा प्रवाहाविरुद्ध अडकून राहिला तर मासा जवळ येऊन वळून जातो.

माळ घाईने वर ओढणे ही नवख्यांची नेहमीची चूक. थवा मध्येच सोडून खाली जातो आणि पुन्हा वर यायला वेळ लावतो. जेलीबॉलचा डंख सौम्य असला तरी तो हाताळलेले बोट डोळ्याला लागू देऊ नये. आग होते.

चेसापीकमध्ये जेलीफिशऐवजी मोठ्या शिंपल्यांचे मांस वापरतात. त्यांची तऱ्हा आपल्या तिसऱ्यांसारखीच, आकार मात्र बराच मोठा. होडी खांबापासून किंवा बुडालेल्या जहाजापासून प्रवाहाच्या वरच्या अंगाला नांगरायची, शिंपले ठेचून थोडे थोडे पाण्यात सोडायचे आणि त्याच वाहत्या रेषेत आमिष जाऊ द्यायचे. चारा मुठीमुठीने, पण थांबून थांबून टाकावा. मासे भुकेले राहिले तरच गळाकडे येतात. गळावरचा तुकडा पूर्ण तोंडात मावेल एवढाच हवा. मोठा तुकडा लावला की मासा कडेकडेने कुरतडून तो संपवतो आणि गळ रिकामा वर येतो. काही ठिकाणी कोळंबीचे बारीक तुकडेही चालतात.

साधने : सुमारे सात फुटांची मध्यम ताकदीची काठी, स्पिनिंग रीळ, १५ ते ३० पाउंड क्षमतेचा विणलेला दोर आणि त्याच्या टोकाला सुमारे २० पाउंडांचा पारदर्शक फ्लुरोकार्बन लीडर (गळ बांधायचा टोकाचा दोर) एवढे पुरते. गळ लहान, २ क्रमांकापासून १/० पर्यंतचा, पण जाड तारेचा हवा. पातळ तारेचा गळ हा मासा सरळ करून टाकतो. खोलीवर मासे थांबले असतील तर दोरावर सरकणारा बोया लावतात. दोरावर हव्या त्या उंचीवर गाठ मारली की बोया तिथे अडतो आणि आमिष दोन-तीन मीटर खाली लोंबत राहते. बोया बुडाला की लगेच झटका न देता दोर घट्ट होऊ द्यावा. सर्कल हुक (टोक आत वळवलेला गोलसर गळ) असेल तर तो आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो.

गळ लागल्यावर स्पेडफिश आपले रुंद अंग प्रवाहाला आडवे करतो आणि गोल गोल फिरत खाली ओढतो. पाण्यात ताट आडवे धरून ओढावे तसा जोर हाताला जाणवतो. पहिली धाव नेहमी खांबाकडे असते आणि खांबावरच्या बार्नेकलची धार दोर क्षणात कापते. म्हणून रिळाचा ब्रेक आधीच घट्ट ठेवावा आणि पहिल्याच क्षणी माशाचे तोंड वळवावे. होडीशी आल्यावर तो जाळीतच घ्यावा.

नियम : समुद्री मासेमारीचा परवाना आणि मर्यादा राज्यानुसार बदलतात. व्हर्जिनियात दर माणशी चार मासे ही मर्यादा असून किमान लांबीची अट नाही. फ्लॉरिडाच्या हद्दीत ज्या माशांसाठी वेगळा नियम नाही त्यांना दर माणशी दिवसाला दोन मासे किंवा १०० पाउंड, यांपैकी जे अधिक ते लागू होते. उत्तर कॅरोलायनापासून फ्लॉरिडापर्यंतच्या अटलांटिक संघीय पाण्यात (राज्यांच्या हद्दीपलीकडे, केंद्र सरकारच्या ताब्यातील समुद्रात) स्पेडफिश ‘स्नॅपर-ग्रूपर’ या एकत्र नियम लागू होणाऱ्या माशांच्या गटाच्या व्यवस्थापनात येतो. या गटाची मासेमारी नैसर्गिक आमिषाने करताना २८ अंश उत्तर अक्षांशाच्या वर स्टेनलेस नसलेला सर्कल हुकच वापरावा लागतो. मासा निसटून गळ तोंडात राहिला तर तो गंजून गळून पडावा, हा त्यामागचा हेतू. नियम वरचेवर बदलतात, तेव्हा निघण्यापूर्वी त्या राज्याच्या मत्स्यविभागाचे चालू पत्रक पाहावे.

चारची मर्यादा पुष्कळांना कमी वाटते. प्रस्तुत लेखकाला ती रास्त वाटते. जो मासा एकाच मनोऱ्याभोवती, एकाच ऋतूत, अंडी घालण्याच्या दिवसांत थवा करून राहतो आणि एका माळेवर अख्खा वर येतो, त्याची जागा चार होड्या एका दुपारी रिकामी करू शकतात. पोट भरण्याइतके मासे मिळाल्यावर माळ पाण्याबाहेर काढून ठेवावी, हा लेखी नियम नसला तरी पाळण्याजोगा आहे.

खाण्यासाठी : मांस पांढरे, घट्ट आणि चवदार. मासा पकडल्याबरोबर बर्फात ठेवावा. कातडी जाड असल्याने सोलून काप काढणे सोयीचे पडते. मोठ्या माशाच्या डोक्यावरचे आणि पाठीकडचे काही हाड गारगोटीसारखे फुगलेले असते. सुरी तिथे अडली तर जोर लावू नये, कडेने फिरवून घ्यावी. हा रोग नव्हे. या जातीत वयाबरोबर हाडे अशीच गोलावतात आणि समुद्रकिनाऱ्यावर सापडणाऱ्या जुन्या, गुळगुळीत हाडांच्या गोट्यांत ती पुष्कळदा असतात.