घाम येतो, पण वाळतो कुठे?

11 ऑक्टोबर 2025 रोजी हवाई बेटावरच्या कोना गावात महिलांची आयर्नमॅन जागतिक स्पर्धा झाली. आधी समुद्रात 3.8 किलोमीटर पोहायचं, बाहेर आल्याआल्या 180 किलोमीटर सायकल मारायची आणि मग 42.2 किलोमीटर, म्हणजे अख्खी मॅरेथॉन धावायची. सगळं एका दिवसात. धावण्याच्या टप्प्यात आघाडीवर असलेल्या ब्रिटनच्या लूसी चार्ल्स-बार्क्लीने शर्यत सोडली. मग अमेरिकेची टेलर निब पुढे होती. शेवटचे काही किलोमीटर उरले आणि तिचे पाय लटपटायला लागले. ती रस्त्यावर बसली आणि तिची शर्यत तिथेच संपली. जिंकली नॉर्वेची सोल्वेइग लोव्हसेथ.

आमच्या धावणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याचा व्हिडिओ आला आणि खाली दोन प्रकारचे शेरे पडले. एक : "पाणी कमी प्यायली असणार." दुसरा, विदर्भातल्या एका मित्राचा : "तिथं जेमतेम तीस-एकतीस अंश असतं. मे महिन्यात आमच्याकडे या म्हणावं." दोन्ही शेरे वाचून मी अस्वस्थ झालो, कारण दोन्हींमागे एकच गैरसमज आहे आणि तो आपल्याकडे माणसांच्या जिवावर बेततो. घाम आला की शरीर गार होतं, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात घाम येण्याने काहीच गार होत नाही. तो वाळला तरच होतं.

आधी उष्णता येते कुठून ते पाहू. स्नायू हे फार उधळं यंत्र आहे. खाल्लेल्या अन्नातल्या ऊर्जेपैकी फार तर पाव हिस्सा कामी येतो, उरलेली उष्णता होऊन बाहेर पडते. सत्तर किलोचा माणूस ताशी दहा किलोमीटर वेगाने धावला तर तासाला साधारण 700 किलोकॅलरी खर्च करतो. त्यातल्या साडेपाचशेच्या आसपास निव्वळ उष्णता. ही सगळी अंगातच कोंडून राहिली तर काय होईल? सत्तर किलोचं शरीर एका अंशाने तापवायला साधारण 58 किलोकॅलरी लागतात. म्हणजे दर सहा-साडेसहा मिनिटांना एक अंश ताप चढेल, आणि 37 वरून 40 अंशांवर पोचायला वीस मिनिटंही लागणार नाहीत. सूर्य अजून हिशेबात धरलेलाच नाही, ही भट्टी आतली आहे.

आता शाळेतला अप्रकट उष्मा आठवा. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता ओढून घेतं, तापमान न वाढवता. उकळत्या पाण्यासाठी हा आकडा ग्रॅममागे 540 कॅलरी, असं आपण पाठ केलेलं असतं. कातडीच्या तापमानाला तो थोडा जास्त, 580 च्या आसपास असतो. म्हणजे एक लिटर घाम अंगावरून पुरता वाळला तर तो 580 किलोकॅलरी घेऊन जातो. वरचा साडेपाचशेचा आकडा याच्याशेजारी ठेवून पाहा. धावणाऱ्या माणसाची तासाभराची उष्णता वाहून न्यायला तासाला सुमारे एक लिटर घाम वाळायला हवा. हा हिशेब मी पहिल्यांदा मांडला तेव्हा मला फार आनंद झाला होता. माठातलं पाणी ज्या नियमाने गार होतं, त्याच नियमाच्या जोरावर माणूस तासनतास धावू शकतो.

पण मेख "वाळायला" या शब्दात आहे. गेल्या मे महिन्यात मी दादरला तासभर धावलो आणि आधी-नंतर वजन केलं. आधी 71.2 किलो, नंतर अंग पुसून, कोरडे कपडे घालून 69.6. मधे काहीच प्यायलो नव्हतो. म्हणजे 1.6 किलो घाम गेला. मग स्वयंपाकघरातल्या काट्यावर टी-शर्ट ठेवला. सकाळी कोरडा असताना तो 120 ग्रॅम भरला होता, आता 410 भरला. मोजे पिळले तर पाणी गळलं. कोपरावरून, हनुवटीवरून रस्त्यावर ठिबकलं ते तर मोजताच आलं नाही. त्या ठिबकलेल्या प्रत्येक थेंबासाठी शरीराने रक्तातलं पाणी दिलं, मीठ दिलं, आणि गारवा काडीचाही मिळाला नाही. जमिनीवर पडलेला घाम म्हणजे वाया गेलेला घाम.

तो वाळत का नाही, हे समजायला थोडं खोलात जावं लागेल, पण इथेच खरी गंमत आहे. पाण्याचे रेणू कातडीवरून सतत हवेत उडत असतात आणि हवेतले काही परत येऊन चिकटत असतात. घाम वाळतो तो या जमाखर्चातल्या फरकाने. उडण्याचा जोर कातडीच्या तापमानावर ठरतो. भिजलेली कातडी 35 अंशांना असेल तर तिच्यालगतचा बाष्पदाब, म्हणजे बाष्पाचा जोर, पाऱ्याच्या 42 मिलिमीटर इतका असतो. परत येण्याचा जोर ठरतो हवेत आधीच असलेल्या बाष्पावर. नागपूरची मे महिन्यातली दुपार घ्या : 43 अंश, सापेक्ष आर्द्रता 15 टक्के. त्या तापमानाला हवा जास्तीत जास्त 65 मिलिमीटरचा बाष्पदाब पेलू शकते. त्याचे 15 टक्के म्हणजे दहाच्या आत. कातडी आणि हवा यांच्यात फरक 32 मिलिमीटरचा. आता कोकण किनाऱ्यावरची मे महिन्यातली सकाळ : 34 अंश, आर्द्रता 70 टक्के. या तापमानाला हवा 40 मिलिमीटर पेलते, त्याचे 70 टक्के म्हणजे 28. फरक उरला 14. थर्मामीटर नऊ अंशांनी खाली आहे, पण घाम वाळवण्याची हवेची ताकद निम्म्याहून कमी झाली. हवामानाच्या बातमीत सांगतात ती टक्केवारी एवढ्यासाठी फसवी. 43 अंशांचे 15 टक्के आणि 34 अंशांचे 70 टक्के यांची तुलना नुसते टक्के पाहून होत नाही, बाष्पदाब काढावा लागतो.

हे गणित नको असेल तर कूलर आठवा. वाळ्याच्या ताट्या लावलेला कूलर नागपुरात खोली गारठवून टाकतो. तोच कूलर दादरला आणून लावला तर खोलीभर ओल होते आणि उकाडा आहे तिथेच राहतो. माणूस हा एक चालताबोलता कूलर आहे.

याचा अर्थ विदर्भातलं ऊन सौम्य, असा अजिबात नाही. हवा कातडीहून तापलेली असेल तर ती उलट अंगात उष्णता घालते, आणि घाम इतक्या झटपट वाळतो की किती पाणी गेलं ते कळतही नाही. मित्राचं चुकलं ते एवढंच, की त्याने नुसत्या थर्मामीटरवरून उन्हाची प्रतवारी लावली.

कोनाचा रस्ता ज्वालामुखीच्या काळ्या खडकातून जातो. आपल्या सह्याद्रीसारखाच बेसाल्ट. उन्हाळ्यात भर दुपारी गडावरच्या कातळावर अनवाणी पाय टेकवलाय अशा माणसाला त्याबद्दल जास्त सांगायला नको. खालून खडक तापवतो, वरून सूर्य, आणि हवा समुद्रावरची दमट. पण एक गोष्ट पाहा. सायकलवर बहुतेक जण टिकून असतात, कोसळतात ते धावताना. थकवा तर असतोच, शिवाय वाऱ्याचाही यात हात असतो. कातडीला लागून दमट हवेचा पातळ थर साचतो, तो हलवला नाही तर घाम तिथेच अडतो. ताशी 35 किलोमीटरने सायकल चालवणाऱ्याला हा वारा फुकट मिळतो. धावणाऱ्याला मिळतो तो जेमतेम दहा-बाराचा. त्यात वारा पाठीमागून त्याच वेगाने येत असेल तर त्याच्याभोवतीची हवा चक्क थांबलेली असते! मागचा वारा ढकलतो म्हणून बरा वाटतो, पण उन्हाळ्यात तोच घात करतो.

मग आत ओढाताण सुरू होते. पायांचे स्नायू रक्त मागतात, उष्णता बाहेर टाकायला कातडीही रक्त मागते, आणि घामापायी रक्तातलं पाणी घटत चाललेलं असतं. हृदय प्रत्येक ठोक्याला कमी रक्त फेकतं आणि ठोके वाढवून भरपाई करतं, त्यामुळे वेग तोच असला तरी नाडी चढत जाते. या भांडणात पोटाला कोणी विचारत नाही. आतड्यांचं रक्त तुटतं, मळमळतं, प्यायलेलं पाणी पोटात डुचमळत राहतं. म्हणून "पाणी कमी प्यायली असणार" हा शेरा मला अन्यायाचा वाटतो. घाम तासाला दीड-दोन लिटर जाऊ शकतो, पण पोट आणि आतडी मिळून तासाला फार तर लिटरभर पाणी आत घेतात. ही तफावत जिद्दीने मिटत नाही. उलट नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. 2002 च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्क्यांचं सोडियम प्रमाणापेक्षा खाली गेलेलं होतं. ते वाळवंटात नाही, एप्रिलच्या गार हवेत. मीठ-साखर घातलेलं कैरीचं पन्हं किंवा कोकम सरबत या बाबतीत नुसत्या पाण्याहून शहाणं आहे, कारण आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत जातात आणि त्यांच्यामागून पाणी ओढलं जातं. जलसंजीवनीचं तत्त्वही हेच.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही, हे मात्र सोडून द्यायला हवं. दरवर्षी एप्रिलमध्ये हा सल्ला फिरतो, आणि त्याच्या भरवशावर माणसं बारा वाजता शेतात, रस्त्यावर काम करत राहतात. खिशातला कांदा ना घाम वाळवतो ना सावली देतो. जास्त घाम म्हणजे जास्त चरबी जळली, या समजुतीने प्लास्टिकचे सूट घालून धावणाऱ्यांनाही माझी तीच विनंती आहे. त्या सुटाच्या आत बाष्पदाबाचा फरक शून्यावर येतो, म्हणजे कूलर बंद आणि भट्टी चालू. वजन उतरतं ते पाण्याचं, आणि संध्याकाळपर्यंत परत चढतं.

हे सगळं फक्त आयर्नमॅन करणाऱ्यांचं दुखणं असतं तर मी एवढं लिहिलं नसतं. 16 एप्रिल 2023 ला खारघरला भर उन्हात झालेल्या सोहळ्यानंतर दहाहून जास्त माणसं उष्माघाताने गेली. पारा 38 अंशांच्या आसपास होता. ती माणसं धावत नव्हती, मैदानात बसली होती. आकडा 45 नव्हता म्हणून तो आपल्याला भीतीदायक वाटत नाही, पण खाडीकाठच्या हवेत 38 म्हणजे काय, हे वरच्या हिशेबावरून लक्षात यावं. अमेरिकेच्या मरीन दलात उन्हात सराव करताना जवान कोसळायला लागले, तेव्हा 1950 च्या दशकात एक निर्देशांक तयार झाला. त्यात नेहमीच्या थर्मामीटरला दहात एक गुण, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातल्या थर्मामीटरला दोन आणि ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरला सात. ओलं फडकं म्हणजे घामाने भिजलेली कातडीच. शर्यतींचे आयोजक आज हाच आकडा पाहतात. आपल्याकडे शाळेचं मैदान किंवा सभेचा मांडव ठरवताना तो कोणी पाहावा, असं मला कळकळीने वाटतं.

राहता राहिली लोव्हसेथ. थंड देशातली बाई उकाड्यात जिंकते कशी? गोरे लोक उन्हाला कच्चे आणि आपण पक्के, असं काही रक्तात लिहिलेलं नसतं. रोज तासभर उकाड्यात कसरत केली तर दहा ते चौदा दिवसांत शरीर बदलतं. रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, आणि घामाच्या ग्रंथी त्यातलं मीठ परत शोषून घ्यायला शिकतात. नॉर्वेचे खेळाडू गेली काही वर्षं तापलेल्या खोल्यांत असा सराव करत आलेत. त्यांच्याच गुस्ताव इडेनने 2022 मध्ये कोनाची पुरुषांची शर्यत 7 तास 40 मिनिटांत जिंकली होती. एसीत बसून ऑफिस करणारा मुंबईकर आणि ऑस्लोचा माणूस यांच्यात या बाबतीत फार अंतर नाही. आणि ही कमाई सांभाळावी लागते, सराव सुटला की काही आठवड्यांत ती ओसरते.

दोन वर्षांपूर्वी कोकणातल्या एका शर्यतीत मी पाण्याच्या टेबलावर उभा होतो. धावण्याचा शेवटचा टप्पा, साडेअकराचं ऊन, पान हलत नव्हतं. चाळिशीचा एक माणूस आला, ग्लास घेतला आणि तो तोंडाऐवजी कानाकडे नेला. नाव विचारलं तर काहीतरी तिसरंच बोलला. मला एवढंच माहीत होतं की अंग चाळीस अंशांपार तापलं आणि बोलणं भरकटलं की तो उष्माघात समजायचा, आणि दवाखान्यात हलवण्याआधी जागेवरच गार करायचं, पहिल्या अर्ध्या तासात. बर्फाच्या पाण्याचा टब सगळ्यात उत्तम, तो आमच्याकडे नव्हता. एकाने फोन लावला. आम्ही त्याला टेबलाच्या सावलीत आडवं केलं, शर्ट काढला, बर्फाच्या पिशव्या मानेला, काखेत, जांघेत लावल्या, अंगावर पाणी ओतत राहिलो, आणि केळ्यांच्या खोक्यांचे पुठ्ठे फाडून तिघं जण वारा घालत बसलो. नुसतं पाणी ओतलं असतं तर ते वाळूत गेलं असतं. पुठ्ठ्याने तो कातडीवरचा दमट थर हलत होता. माझे हात भरून आले तसा शेजारच्या कॉलेजच्या पोराने पुठ्ठा घेतला. ॲम्ब्युलन्स यायला सतरा मिनिटं लागली. ती वळणावर दिसली तेव्हा त्याने डोळे माझ्याकडे वळवले, स्वतःचं नाव नीट सांगितलं, आणि विचारलं, "अजून किती किलोमीटर राहिलेत?"