उपसर्ग मागे कसा गेला: इंग्रजी फ्रेझल व्हर्बची पार्श्वभूमी

'गिव्ह' म्हणजे देणे आणि 'अप' म्हणजे वर, तर 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे कसे? क्रियापद आणि सुटा शब्द मिळून वेगळाच अर्थ देणाऱ्या अशा जोडीला 'फ्रेझल व्हर्ब' म्हणतात. दोन शब्दांचे अर्थ जोडून हे कोडे सुटत नाही. त्यासाठी इतिहासात शिरावे लागते.

'हृ' या एकाच धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार होतात, हे आपण शाळेत घोकलेले असते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही हीच रीत होती: उपसर्ग आधी, क्रियापद नंतर. 'अंडरस्टँड', 'विथस्टँड', 'ओव्हरकम' ही त्या घडणीतली आजवर टिकलेली क्रियापदे. पण जोर न पडणारे उपसर्ग बोलता बोलता झिजले, त्यांचा अर्थ पुसट झाला. वाक्याची ठेवणही बदलली. कर्म क्रियापदाच्या नंतर येऊ लागले, आणि दिशा दाखवणारे 'अप', 'आउट', 'ऑफ' हे सुटे शब्दही त्याच बाजूला स्थिरावले. स्कँडिनेव्हियातून येऊन इंग्लंडच्या उत्तरेत व पूर्वेत वसलेल्या नॉर्स भाषकांची बोलण्याची पद्धत अशीच होती, तिचाही हातभार लागला असावा.

संस्कृतचा प्रवास नेमका उलटा आहे. वेदांत उपसर्ग क्रियापदापासून दूर, कधी त्याच्या नंतरही येतो. पुढच्या संस्कृतात तो धातूला कायमचा चिकटला.

पीटरबरो इथल्या बखरीत सन ११३७ खाली एक नोंद आहे. राजा स्टीफनने बिशपांना कैदेत टाकले, ते त्यांनी आपले किल्ले सोडून देईपर्यंत. या 'सोडून देणे'साठी तिथे आजच्या 'गिव्ह अप'चेच जुने रूप आले आहे. पुढे फ्रेंचमधून 'सरेंडर' आले, पण ते दरबारी आणि कायद्याच्या भाषेत जास्त रमले. बोलीत 'गिव्ह अप'च राहिले. दोन्हींचा सूर आजही वेगळा लागतो तो त्यामुळे.

'अप'चा 'वर' हा अर्थ हळूहळू 'पुरते, संपेपर्यंत' असा पसरला. 'ईट अप' म्हणजे वर खाणे नव्हे, खाऊन टाकणे. आपल्या 'टाकणे'तूनही फेकण्याचा अर्थ असाच गळून पडला आहे. सॅम्युअल जॉन्सनने १७५५ च्या शब्दकोशात अशी क्रियापदे मुद्दाम टिपली आणि परकीयांना सर्वांत जड जाते ते हेच, असे प्रस्तावनेत म्हटले. 'फ्रेझल व्हर्ब' हे नाव रुळले ते मात्र विसाव्या शतकात.

खरी गफलत होते ती क्रियापदाचा सुटा शब्द आणि प्रिपोझिशन (पुढच्या नामाशी जोडला जाणारा शब्द) यांत. 'ही रॅन अप अ बिल' आणि 'ही रॅन अप अ हिल' ही वाक्ये कानाला जुळी वाटतात. पहिल्यात 'अप' क्रियापदाचा आहे: बिल वाढवून ठेवले. दुसऱ्यात तो टेकडीचा आहे: टेकडीवर धावत गेला. सर्वनाम घालून पाहा. बिलासाठी 'रॅन इट अप', टेकडीसाठी 'रॅन अप इट'. पहिल्या प्रकारात नाम मध्ये किंवा शेवटी कुठेही चालते ('लुक अप द वर्ड', 'लुक द वर्ड अप'), पण सर्वनाम मध्येच हवे. 'लुक अप इट' चूक. 'लुक आफ्टर'मधले 'आफ्टर' प्रिपोझिशन आहे, म्हणून 'लुक हर आफ्टर' कधीच होत नाही. उच्चारातूनही फरक कळतो: वाक्याच्या शेवटी आलेल्या 'अप'वर जोर पडतो, 'लुक ॲट इट'मधल्या 'ॲट'वर सहसा नाही.

'पुट अप विथ', 'रन आउट ऑफ' यांत सुटा शब्द आणि प्रिपोझिशन दोन्ही एकापाठोपाठ येतात आणि कर्म सगळ्यांच्या शेवटी. 'लुक फॉरवर्ड टू'ही तसेच. त्यातले 'टू' प्रिपोझिशन आहे, म्हणून 'टू मीट यू' नाही, 'टू मीटिंग यू'. ही चूक चांगल्या चांगल्या अर्जांत सापडते.

लॅटिन घराण्यातली क्रियापदे आपला उपसर्ग पोटात घेऊनच इंग्रजीत आली. 'रिटर्न'मधल्या 'री'चा अर्थच 'परत', त्यामुळे 'रिटर्न बॅक' म्हणजे परत परत येणे.