उलाका (स्पेन)

उलाका हे स्पेनच्या आव्हिला प्रांतात, सोलोसांचो गावाच्या हद्दीतल्या ग्रॅनाइटच्या डोंगरमाथ्यावरचं लोहयुगातलं तटबंदीचं गाव. उंची साधारण १५०० मीटर, खाली आंब्लेसचं खोरं. गाव म्हणायचं खरं, पण पसारा जवळपास ७० हेक्टरचा आहे आणि अडीचशेच्या वर घरांचे पाये आजही दिसतात, म्हणजे त्या काळाच्या मानाने शहरच की. इथे वेत्तोन नावाचे गुरं पाळणारे लोक राहायचे, दगडी बैल आणि डुकरं घडवणारे ते हेच. वस्तीचा भर इ.स.पू. ३ऱ्या ते १ल्या शतकातला.

लोक एवढा डोंगर चढून येतात ते मुख्यतः यज्ञवेदीसाठी. आधी कातळ तासून केलेली एक मोठी चौकोनी खोली, तिला लागूनच एक भलामोठा खडक, त्यात कोरलेल्या पायऱ्या, दोन ओळींत. वर पोचलं की सपाट जागेवर वाटीसारखे खळगे, एकमेकांना जोडलेले, एकात काही ओतलं की ते दुसऱ्यात उतरून खाली जाणार. बळीचं रक्त असंच वाहत असणार असं अभ्यासक मानतात, उगाच नाही, कारण पोर्तुगालमध्ये पानोयास इथे अशाच खळग्यांशेजारी रोमन काळातले लॅटिन लेख आहेत आणि त्यात बळी कुठे मारायचा, रक्त कुठे ओतायचं हे सरळ लिहिलंय. उलाकात मात्र लेख नाही, फक्त दगड.

मला स्वतःला दुसरी वास्तू जास्त आवडते. तिला लोक 'फ्रागुआ' म्हणजे लोहाराची भट्टी म्हणत आले, पण ती निघाली वाफेच्या स्नानाची जागा! अर्धी जमिनीत गेलेली, एकाच खडकात कोरलेली, पुढे छोटी खोली, मध्ये बसायला दगडी आसनं, मागे भट्टी. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोने दुएरो नदीकाठच्या काही लोकांबद्दल लिहून ठेवलंय की ते तापवलेल्या दगडांच्या वाफेने अंग शेकतात आणि मग गार पाण्याने अंघोळ करतात, ते इथे अगदी चपखल बसतं. साधी अंघोळ नसून तरुणांच्या दीक्षेचा विधी असावा असंही एक मत आहे.

रोमन सत्ता पक्की झाली तशी वस्ती उठली, माणसं खाली खोऱ्यात गेली. दगडाच्या खाणीत अर्धवट तोडलेले चिरे मात्र अजून तसेच पडलेत.